घरी बसून नोकरी

चाकरमानी हा शब्द आपल्या रत्नागिरीकडे कोणाला ठाऊक नाही? गावचा माणूस मुंबईला जायचा. गिरणीत, गोदीत, कचेरीत राबायचा. त्याची मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी यायचा. चार दिवस राहून परत जायचा. नोकरी करायची तर घर सोडायचे, असेच आपण समजत आलो.

२०२० साली मात्र नवल घडले. करोनाची साथ आली. मार्च महिन्यात सगळा देश बंद झाला. कचेऱ्यांना कुलपे लागली. तरी पुष्कळ कचेऱ्यांचे काम चालूच राहिले. ते कसे?

हल्ली कचेरीतले हिशेब आणि पत्रे कॉम्प्युटरवर असतात. घरचा कॉम्प्युटर इंटरनेटने कचेरीशी जोडता येतो. मग मुंबईच्या टेबलावरचे काम गावच्या पडवीतही होते. साहेबांशी बोलणे त्यातूनच होते. एकमेकांची तोंडेसुद्धा दिसतात, बरं का! अर्थात गवंड्याला, नर्सला किंवा ड्रायव्हरला हे जमायचे नाही. त्यांना कामाच्या जागी जावेच लागते.

पुढे साथ ओसरली. कचेऱ्या उघडल्या. आता काय करायचे? परत जायचे, की घरूनच काम करायचे?

काही जण म्हणतात, घरच बरे. लोकलची गर्दी नको. मुंबईच्या खोलीचे भाडे नको. म्हातारे आईबाप डोळ्यांसमोर राहतात.

दुसरे म्हणतात, नको रे बाबा! एका खोलीत पाच माणसे. काम करायचे कुठे? कचेरीत अडले तर शेजारच्या जाणत्या माणसाला विचारता येते. घरी कामाला वेळकाळ राहत नाही. रात्री जेवतानाही साहेबांचा फोन येतो. बायकांची ओढाताण तर फारच. इकडे चूल, तिकडे कॉम्प्युटर.

मालकांचेही एकमत नाही. कोणाला वाटते, कचेरीच्या जागेचा खर्च वाचतो. कोणाला वाटते, माणूस समोर असला म्हणजे काम नीट होते. काहींनी मधला मार्ग काढला. आठवड्यात काही दिवस कचेरीत, काही दिवस घरी. ठाण्याच्या माणसाला हे सोयीचे. पण रत्नागिरीहून मुंबई तीनशे किलोमीटरहून लांब. दर आठवड्याला कोण जाणार?

गावात आणखी एक अडचण आहे. वीज गेली, रेंज गेली, की काम थांबले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. दापोली, मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात होती. अशा वेळी घरून नोकरी कशी व्हायची?

वीज आणि रेंज आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण एक गोष्ट आहे. मुलगा किंवा सून घरात कॉम्प्युटरपुढे बसली, तर ती रिकामी आहे असे समजू नका. "नोकरी गेली वाटतं," असे शेजारी म्हणतील. त्यांना खरे काय ते सांगा. कामाच्या वेळी नारळ सोलायला हाक मारू नका. सुनेच्या कामाच्या वेळी घरातल्या कोणीतरी चूल सांभाळा. आणि काम करणाऱ्यानेही वेळ संपली की कॉम्प्युटर बंद करावा. घरच्यांशी दोन शब्द बोलावे. नाहीतर माणूस घरात असून परगावी असल्यासारखाच!