नॉबवरचा हात

संगणकावर संगीत करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘ऑटोमेशन’ हा शब्द बहुधा कामाच्या शेवटाला येतो. चाल वाजवून झाली, ठेका बसला, गायकाचा आवाज भरून झाला, की मग फिल्टर कुठे उघडायचा, एको कुठे वाढवायचा, हे माउसने रेघा ओढून ठरवायचं, असा रिवाज आहे. तेच काम गाणं चालू असताना कीबोर्ड कंट्रोलरवरचा नॉब फिरवूनही करता येतं. पडद्यावर दोन्हींचा निकाल सारखाच दिसतो: ट्रॅकवर उमटलेली एक चढती-उतरती रेघ. त्यामुळे फरक काय तो सोयीचा, असं धरून चालतात. मला ते पटत नाही. नॉब फिरवून केलेली नोंद हे वादन आहे. ते संपादनाच्या खात्यात टाकल्यामुळे त्याचा रियाज होत नाही, त्यासाठी वाद्य नीट लावून घेतलं जात नाही, आणि मग हाताने काही धड होत नाही म्हणून माउस जवळ केला जातो.

पेटीवाल्याकडे पाहा. त्याचा एक हात पट्ट्यांवर असतो, दुसरा भात्यावर. भात्याचा हात एकही सूर निवडत नाही, पण सुराला दम किती द्यायचा, तो कुठे फुगवायचा, कुठे विरू द्यायचा, हे सगळं त्याच्याकडे. हा हात वाजवत नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पंचवीस पट्ट्या आणि आठ नॉब असलेला अकाई एमपीके मिनीसारखा छोटा कंट्रोलर घेतला तरी कामाची वाटणी तीच: एक हात सुरांना, दुसरा सुरांच्या पोताला.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही हा दुसरा हात आधी वादकाचाच होता. ऑटोमेशन येण्यापूर्वी अवघड मिक्सिंग असलं की कन्सोलसमोर दोन-तीन जण उभे राहत, कुणी कुठला फेडर कधी सरकवायचा ते ठरवून घेत, आणि एकाचा हात चुकला की टेप पुन्हा मागे. १९७०च्या दशकात नीव्ह कंपनीची नेकॅम ही यंत्रणा आली. फेडरची हालचाल ती साठवून ठेवी आणि मोटरच्या जोरावर तेच फेडर पुन्हा तसेच हलवी. सिंथेसायझरच्या नॉबला मात्र अशी स्मृती मिळायला वेळ लागला. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला, तेव्हा त्यांच्याजवळ रोलंडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं होती. टीबी-३०३ सुरांचा क्रम लक्षात ठेवतं, पण फिल्टरच्या कटऑफचे आणि रेझोनन्सचे नॉब कसे फिरले ते नाही. त्या काळी ही हालचाल ध्वनिमुद्रणात आवाजाशी एकजीव होऊनच उरत असे. शिकागोच्या फ्युचर या गटाचा १९८७चा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ऐकला की ही हालचाल किती वजनाची आहे ते कळतं. सुरांचा छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बदलत राहतो तो मुख्यतः नॉब. सूर तेच असताना रचना पुढे सरकत असेल, तर ती सरकवणाऱ्या हाताला वादक म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

दरम्यान, जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले आणि मिडी ही सामायिक भाषा जगापुढे आली. (गंमत अशी की त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ने नॉबच हद्दपार केले. बटणं दाबायची आणि एकच पट्टी सरकवायची. आवाज नामी, पण दुसरा हात बेकार.) नॉब फिरतो तेव्हा या भाषेत तीन बाइटचा निरोप जातो: कुठल्या चॅनेलवर, कितव्या क्रमांकाचा कंट्रोल, आणि किंमत किती. मूळ मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका निरोपाला साधारण एक मिलिसेकंद. सॉफ्टवेअर त्या आकड्याला वेळ जोडून ठेवतं. आवाज स्वतः कुठेच नोंदला जात नाही. नोंद होते ती फक्त हाताची.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो फुसका नाही. किंमत ० ते १२७ एवढीच असते. कटऑफ २० हर्ट्‌झपासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत फिरणार असेल, तर मधे जवळजवळ दहा सप्तकं येतात, म्हणजे सुमारे १२० अर्धस्वर. ते १२७ पायऱ्यांत वाटले की एकेक पायरी जवळपास अर्ध्या स्वराची होते. रेझोनन्स चढवून फिल्टर शिट्टीसारखा वाजत असेल, तर सावकाश फिरवलेल्या नॉबातून मींड यायच्या ऐवजी सुटे सुटे सूर निघू शकतात. मिडी रचणाऱ्यांनाही कानाची ही तक्रार ठाऊक असावी, कारण सूर वाकवणाऱ्या पिच बेंडला त्यांनी १६,३८४ पायऱ्या दिल्या. २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये कंट्रोलची किंमत ३२ बिटांची झाली, म्हणजे ४२९ कोटींच्या वर पायऱ्या. पण ती सगळीकडे रुळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. अनेक प्लग-इन आलेली पायरी आतल्या आत घासून गुळगुळीत करतात. शिवाय नॉबचा पल्ला आवळता येतो. पूर्ण फिरकीला ४०० ते २,००० हर्ट्‌झ एवढाच भाग नेमून दिला, तर एक पायरी पाव अर्धस्वराच्याही खाली येते. अख्खा पल्ला नॉबला देऊन टाकणं हा बहुतेक वेळा आळस असतो. एका जागेला एवढी दहा सप्तकं लागतात कशाला?

दुसरा आक्षेप माउसवाल्यांचा: रेघ हवी तशी ओढता येत असताना हाताच्या डळमळीतपणाचं कौतुक कशाला? काही कामांत त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. नेमक्या मात्रेवर आवाज तोडायचा असेल, किंवा एकच बदल प्रत्येक आवर्तनात हुबेहूब हवा असेल, तर माउसच घ्यावा. पण ध्रुपदाकडे चढत जाणारा फिल्टर घ्या. माउसची सरळ रेघ निम्म्या वेळात निम्मी चढते, मग त्या जागी गायिका श्वास घेत असो की तिचा शब्द अर्ध्यावर असो. कारण ती डोळ्यांनी, गाणं थांबवून ओढलेली असते. नॉबवरचा हात ऐकत ऐकत फिरतो. शब्दापाशी तो रेंगाळतो, आणि तबल्याचा तुकडा समेकडे निघाला की समेच्या किंचित आधीच घाई करतो. हे सगळं माउसने काढता येतं हे मान्य, पण ते सुचण्यासाठी आधी कुणीतरी हाताने वाजवून पाहावं लागतं.

मात्र वाद्य लागलेलं नसेल तर हा सगळा युक्तिवाद कोलमडतो. स्वस्त कंट्रोलरच्या साध्या नॉबला सॉफ्टवेअरमध्ये काय चाललंय याचा पत्ता नसतो. पडद्यावर फिल्टर १०० वर, नॉब मात्र कालच्या कामातल्या २० वर. हात लावताच आवाज धाडकन खाली कोसळतो आणि ती उडीही इमानेइतबारे रेकॉर्ड होते. एबलटन लाइव्हमध्ये यावर उपाय आहेत. ‘पिक-अप’ निवडला तर नॉब साठवलेल्या किमतीपाशी पोचेपर्यंत त्याची दखलच घेतली जात नाही. ‘व्हॅल्यू स्केलिंग’मध्ये दोघांतलं अंतर हळूहळू मिटवलं जातं. रेकॉर्डिंगसाठी मी पिक-अपच्या बाजूचा आहे. सुरुवातीला नॉब फिरवूनही काही घडत नाही याचा वैताग येतो खरा, पण स्केलिंगमध्ये तेवढंच बोट फिरवून दर वेळी वेगळा परिणाम मिळतो आणि हाताला सवय म्हणून लागत नाही. अखंड फिरणारे एन्कोडर आणि मोटरवाले फेडर हा प्रश्न मुळातूनच सोडवतात. मोटरवाल्यांच्या अनेक नमुन्यांना बोटाचा स्पर्शही कळतो, म्हणून ‘टच’ प्रकारात बोट उचललं की जुनी रेघ परत सुरू होते. ‘लॅच’मध्ये शेवटची किंमत तशीच पुढे चालते.

उरतो तिसरा आक्षेप: नंतर दुरुस्त करता येतं ते वादन कसलं? पण रेकॉर्ड केलेले सूरही सरकवतात, त्यांचा जोर कमी-जास्त करतात, आणि तरी ते कुणी वाजवलेच नाहीत असं कुणी म्हणत नाही. खरा प्रश्न नोंद कुठे ठेवायची हा आहे. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये ती ट्रॅकवर ठेवता येते किंवा सुरांच्या त्या तुकड्यावर, म्हणजे रीजनवर. मिक्सिंगचे निर्णय ट्रॅकवर शोभतात. पण पट्ट्या आणि नॉब एका दमात वाजवलेले असतील, तर नोंद रीजनवरच हवी. मग पहिल्या कडव्यामागचा तुकडा उचलून तिसऱ्या कडव्यामागे नेला तरी सुरांबरोबर नॉबची फिरकीही तिथे पोचते, आणि तिथल्या शब्दांना ती जमत नसेल तर तेवढीच पुसून नव्याने वाजवता येते.