मठातले संग्रहालय
जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला जोडून असलेल्या मठात 1964 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. 1835 मध्ये संन्याशांचे संघ बरखास्त झाल्यावर ज्याचा मूळ हेतूच संपला, त्या मठाच्या संग्रहात कदंबकालीन शिल्पे, वीरगळ, म्हणजे युद्धात पडलेल्या योद्ध्यांच्या स्मारकशिळा, आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रे शेजारी-शेजारी आली. भिंती जांभ्याच्या, म्हणजे लोहयुक्त सच्छिद्र दगडाच्या असल्याने, त्यांना मुरलेला ओलावा बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावाच मानवतो. सिमेंट ओलावा आत कोंडते. पुनर्वापर येथे नवा नाही: 1661 मध्ये पुन्हा बांधलेल्या चर्चमध्येही आधीच्या वास्तूचे प्रवेशद्वार शहाणपणाने राखले गेले.