फॉर्म भरून नेतात, पुढं काय होतं?

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. परवा बैठकीत एकीने विचारलं, "ताई, पाहणीवाले येतात, फॉर्म भरून नेतात, त्याचं पुढं होतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे.

बीड जिल्ह्याचं घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे गावोगाव माहीत होतं, पण ती कुजबुज होती. 2019 मध्ये वर्तमानपत्रांनी ते छापलं, गदारोळ झाला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास 17. देशाच्या 2015-16 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. असे दोन आकडे शेजारी ठेवले, की "बायकांची दुखणी चालायचीच" म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.

पण जे विचारलंच जात नाही, ते दिसतही नाही. जनगणनेत गाव सोडण्याचं एकच कारण लिहितात. 2011 मध्ये बायकांचं सगळ्यात मोठं कारण निघालं लग्न. खोटं नाही ते. मात्र लग्न होऊन आलेली तीच बाई दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जाते, अंधारात फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते, ते त्या रकान्यात मावत नाही. उचलही कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको मिळून एक, आणि पैसे नवऱ्याच्या हातात! यान ब्रेमन या डच अभ्यासकाने खानदेशातून गुजरातेत बारडोलीकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांवर 1970 च्या दशकापासून लिहिलं. उचलीचा फास कसा आवळतो, हे अशा अभ्यासातूनच शहरातल्या लोकांना कळतं. नुसत्या मोजणीतून नाही.

पुढची जनगणना फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. तेव्हा तोड ऐन भरात असते. मोजणीदार कोपीवर आला, तर नवऱ्याला एकट्याला बोलू देऊ नका. कामाचं विचारलं तर "घरीच असते" म्हणू नका. ऊस तोडते, वर्षातून इतके महिने तोडते, असं सांगा. आणि विद्यापीठाची मंडळी पाहणीला आली, तर फॉर्म भरण्याआधी त्यांना विचारा, यातून काय निघालं ते आमच्या गटात सांगायला कधी येणार?