हिरवळीतल्या नांग्या भरताना
घरची हिरवळ : लेखांक ७

गणपती गावाला गेले आणि पावसानं उघडीप द्यायला सुरुवात केली, की घरापुढच्या लॉनचं खरं रूप दिसू लागतं. कुठे पिवळा पट्टा, कुठे ताटाएवढी उघडी माती, तर कुठे फाटकापासून पायरीपर्यंत पडलेली पायवाट. शेतात पीक न उगवलेल्या जागी शेतकरी नांग्या भरतो. लॉनलाही वर्षातून एकदा तेच करावं लागतं, आणि पुणे-नाशिककडच्या हवेत त्यासाठी सप्टेंबरसारखा महिना नाही. मुसळधार पाऊस ओसरलेला असतो, जमीन उबदार आणि ओलसर असते, ऑक्टोबरचं ऊन पुढे असतं. आपल्या लॉनची गवतं साधारण २७ ते ३५ अंश तापमानात जोमानं वाढतात आणि रात्रीचा पारा १५च्या खाली जाऊ लागला की थबकतात. सप्टेंबरात लावलेल्या गवताला थंडीआधी सहा-आठ आठवडे मिळतात. ही वेळ हुकली तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबलेलं बरं.

उघडी जागा दिसली की बहुतेक जण थेट नर्सरी गाठतात. बियांचं पाकीट किंवा लॉनची लादी आणून टाकतात, महिनाभर छान दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा तसंच टक्कल. जागा उघडी पडली त्याला काही तरी कारण घडलेलं असतं. ते तिथेच दबा धरून बसलं असेल, तर नवं गवतही जुन्याच वाटेनं जातं. म्हणून खर्च करण्याआधी एक सकाळ तपासासाठी काढा.

आधी तपास

पहिली परीक्षा हाताची. उघड्या जागेच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. पाती तुटून हातात आली आणि मुळं जमिनीतच राहिली, तर मुळं धड आहेत. पण गवत सतरंजीच्या कडेसारखं सहज उचललं गेलं आणि खाली मुळंच नसली, तर हुमणीची शंका घ्या. तिथली एक चौरस फूट माती तीन-चार इंच खोल उकरून चाळा. पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी म्हणजे हुमणी. एखाद-दुसरी सापडली तर घाबरायचं कारण नाही. चौरस फुटात पाचाहून जास्त निघाल्या तर आधी त्यांचाच बंदोबस्त करायला हवा. साळुंक्या आणि गायबगळे एकाच कोपऱ्यात रोज टोचे मारत असतील, तर तीही खूणच.

दुसरी परीक्षा स्क्रू-ड्रायव्हरची. पावसानं ओलावलेल्या जमिनीत तो तळव्याच्या जोरानं चार-पाच इंच शिरला पाहिजे. दोन इंचांवर अडला, तर माती तुडवून घट्ट झाली आहे किंवा खाली बांधकामाचा राडारोडा आहे. नव्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत हे हमखास आढळतं: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर दोन-तीन इंच लाल माती. पावसात त्या मातीत पाणी साचतं, मार्चमध्ये तीच माती दोन दिवसांत सुकते.

तिसरी परीक्षा उन्हाची. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या जागेवर ऊन आहे का ते पाहा. हरळीला रोज सहा-सात तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली किंवा कंपाउंडच्या उत्तरेला ते मिळत नसेल, तर कितीही बी टाका, गवत विरळच राहणार.

कारण तसा इलाज

पायवाट पडली असेल तर ती वाट मान्य करा. माणसं जवळच्या रस्त्यानंच चालणार. तिथे शहाबादी फरशीचे तुकडे पावलाच्या अंतरानं बसवा आणि मधल्या फटींत गवत वाढू द्या. सावलीतल्या जागेचा हट्ट सोडा. तिथे ऑफिओपोगॉन किंवा क्लोरोफायटम लावा, नाही तर झाडाभोवती बसायला पार बांधा.

घरात कुत्रा असेल तर मधोमध जळलेलं गवत आणि भोवती गर्द हिरवं कडं अशी गोल चकती दिसते. लघवीतला नत्र मध्ये अतिरेक होऊन जाळतो आणि कडेला, जिथे तो बेताचा पोचतो, तिथे खताचं काम करतो. कुत्रा उठला की लगेच त्या जागी झारीभर पाणी ओतावं. जळून गेलेली जागा तीन-चार दिवस भरपूर पाण्यानं धुऊन मगच लागवड करावी.

हुमणीसाठी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून ओलसर मातीत संध्याकाळी मिसळा. कोरड्या मातीत आणि कडक उन्हात तिचा उपयोग होत नाही. मात्र खरा बंदोबस्त पुढच्या वर्षी, वळवाचा पाऊस पडल्यावर करायचा. हुमणीचे भुंगेरे तेव्हा तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकले, तर अंडी घालायला माद्याच उरत नाहीत. शेजारपाजारच्यांनी मिळून केलं तरच याचा गुण येतो.

बी की कांडी?

आता नव्या गवताचा प्रश्न. लॉनमध्ये आधीचं गवत कोणतं आहे, यावर उत्तर ठरतं. मेक्सिकन लॉन किंवा ‘सिलेक्शन नंबर १’ या नावानं आपण जे लावतो, ते कांड्यांपासून किंवा लादीनं लावायचं गवत आहे. संकरित बर्म्युडाच्या काही जातींना तर बी धरतच नाही. अमेरिकेतल्या टिफ्टन इथे तयार झालेली, १९६० साली प्रसारित झालेली ‘टिफवे’ ही जात तशीच वांझ आहे. अशा लॉनमध्ये साध्या हरळीचं बी पेरलं, तर पानाची जाडी आणि रंग वेगळा येऊन ठिगळ कायमचं डोळ्यांत भरतं.

पाच दिवसांत उगवण्याची ग्वाही देणाऱ्या आकर्षक पाकिटांपासूनही सावध राहा. त्यांत बहुधा राय, फेस्क्यू किंवा केंटकी ब्लू ही थंड प्रदेशातली गवतं असतात. डिसेंबरात ती सुरेख दिसतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात जातात. आपल्याकडे बियांपासूनच करायचं, तर हरळीचं म्हणजे बर्म्युडाचं ताजं, टरफल काढलेलं बी घ्यावं. ते इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास दाणे भरतात. एका चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरे. दाट पेरलं की रोपं एकमेकांना दाबतात.

पण माझा आग्रह कांडीचा आहे. नांगी भरायला लागणारं उत्तम बियाणं तुमच्याच लॉनच्या कडेला फरशीवर चढत असतं. तिथली एक धावती काडी उचलून जवळून पाहा. दर दीड-दोन सेंटिमीटरवर पेर, प्रत्येक पेरावर पानांचा छोटा झुबका आणि खालच्या बाजूनं फुटू पाहणारी पांढरी मुळी. शेतातली हरळीची काशी खुरपून टाकली तरी पुन्हा फुटते, ती याच पेरांच्या जोरावर. शेतकऱ्याला नकोसा झालेला हा चिवटपणा लॉनला हवा असतो. ही काडी तुमच्या मातीला, पाण्याला आणि उन्हाला सरावलेली असते आणि तिला दमडीही पडत नाही.

प्रत्यक्ष काम

मातीला वाफसा आला की काम काढा; चिखलात खणलेली माती सुकली की ढेकळं होतात. मेलेलं गवत पंजानं ओरबाडून काढा आणि कडेच्या चांगल्या गवतातही चार बोटं आत जा. कुदळीनं सहा इंच खणून दगड, विटा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचा. एक गाठ राहिली तरी लव्हाळा नव्या गवताच्या आधी वर येतो.

दोन घमेली मातीला एक घमेलं चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. काळ्या मातीत थोडीशी वाळू टाकून निचरा सुधारत नाही. तिथे शेणखत वाढवा. पाणी देऊन माती बसू द्या, मग फळीनं सपाट करा. पातळी आजूबाजूच्या जमिनीला बरोबर मिळाली पाहिजे. खोलगट राहिली तर पाणी साचेल, उंच राहिली तर कापणीयंत्र गवत मुळापासून खरवडेल.

दोन-तीन पेरांच्या कांड्या कापून चार-चार इंचांवर डोबा. दोन पेरं मातीत आणि शेंडा वर. तीन फूट लांब-रुंद जागेला ऐंशीच्या आसपास कांड्या लागतात. बोटांनी माती दाबून लगेच झारीनं पाणी द्या. बी पेरत असाल तर ते चौपट बारीक वाळूत मिसळून निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका. दाताळं हलकेच फिरवून वर शेणखताचा अगदी पातळ थर द्या. बी पाव इंचापेक्षा खोल गेलं तर उगवत नाही. वर ओलं गोणपाट अंथरा. त्यानं ओल टिकते, चिमण्या बी टिपत नाहीत आणि परतीच्या पावसाची सर आली तरी बी वाहून जात नाही. पहिले हिरवे कोंब दिसले, की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा.

पुढचे सहा आठवडे

बी उगवायला दहा ते वीस दिवस लागतात. तोवर माती एकदाही सुकू देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी द्या. कांड्यांना पहिले दोन आठवडे रोज पाणी लागतं. नंतर पाळ्या कमी करून पाणी खोल मुरू द्या, म्हणजे मुळं खाली जातील. तीन-चार आठवड्यांनी चौरस मीटरला फार तर १० ग्रॅम युरिया ओलसर मातीत टाकून लगेच पाणी द्या. गवत तीन इंचांचं झालं की धारदार पात्यानं पहिली कापणी करा आणि उंचीचा फक्त वरचा तिसरा हिस्सा काढा. तोवर त्या जागेवर पाय ठेवू नका; चार काठ्या रोवून सुतळी बांधली की मुलांनाही ते कळतं.

लॉनचा मोठा भाग, समजा निम्म्याहून जास्त, उघडा पडला असेल, तर ठिगळं लावत बसू नका. फेब्रुवारीत सगळं खणून नव्यानं लागवड करा. बाकी घरांना या हंगामात कुदळ, खुरपं आणि घमेलंभर शेणखत एवढं सामान पुरतं. येत्या रविवारी तिन्ही परीक्षा करा आणि प्रत्येक उघड्या जागेचं कारण वहीत लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात कापणीची उंची आणि पात्याची धार यांबद्दल बोलू, कारण नव्या गवताचं नुकसान बहुतेक वेळा पहिल्या कापणीतच होतं.