विक्रीच्या फ्लॅटचे फोटो कसे काढतात

विक्रीच्या जाहिरातीसाठी फ्लॅटचे फोटो काढताना पहिली अडचण जागेची. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये मागे सरकायला वावच नसतो, म्हणून वाइड अँगल लेन्स लागते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ ते २४ मिमी पुरेशी. त्याहून रुंद लेन्सने कडेचा पलंग ताणला जातो आणि खोली हॉलएवढी भासते. ही सरळ फसवणूकच.

कॅमेरा ट्रायपॉडवर, साधारण छातीच्या उंचीवर आणि अगदी लेव्हलमध्ये हवा. तो वरखाली झुकला की भिंती तिरक्या दिसतात. स्वयंपाकघरात मात्र ओट्याचा वरचा भाग दिसेल इतपत उंची वाढवावी.

खरी कसोटी खिडकीची. खोलीप्रमाणे एक्स्पोजर ठेवले तर बाहेरचे झाड पांढरेफटक पडते, बाहेरचे जपले तर खोली काळवंडते. म्हणून एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन ते जोडतात. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब एकत्र लावू नयेत. भिंतीचा रंग बिघडतो.

एडिटिंगमध्ये भिंतीवरची ओल पुसणे गैरच. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार, बिल्डरच्या खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मागता येते.