थायरॉइड, क्ष-किरण आणि रक्तातली चरबी

गटाच्या बैठकीत हल्ली थायरॉइडची गोळी घेणारी एखादी तरी बाई असतेच. मग प्रश्न निघतात. हा आजार मोबाइल टॉवरमुळे होतो का? एक्स-रे काढल्याने होतो का? एक्स-रे विभागात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलींना धोका आहे का? आणि थायरॉइड असलेल्या बाईला डॉक्टर कोलेस्टेरॉल का तपासायला सांगतात? आज हे एकेक करून समजून घेऊ.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखरासारखी छोटी ग्रंथी. मिठातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन तयार करते. हे हार्मोन म्हणजे शरीराच्या चुलीचा जाळ. जाळ कमी झाला की थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते. चरबीचंही तसंच. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल यकृत उचलून घेतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू पकडणारे हात असतात. हार्मोन कमी पडलं की हे हात कमी होतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. म्हणून तेल-तूप मोजून खाणाऱ्या बाईचंही कोलेस्टेरॉल वाढू शकतं. थायरॉइडचा उपचार नीट सुरू झाला की ते बहुधा उतरतं.

आता किरणांकडे वळू. टॉवरच्या लहरी आणि एक्स-रेचे किरण एक नव्हेत. एक्स-रेच्या किरणांत पेशीतल्या अणूंची मोडतोड करण्याइतकी ताकद असते, टॉवरच्या लहरींत ती नसते. एक्स-रेसारखे किरण किती लागले ते मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. माती, दगड, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला जगभरात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ पेक्षाही कमी मिळतात. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ८-१० पर्यंत जाऊ शकतात. म्हणून सीटी स्कॅन गरजेपुरताच, विशेषतः लहान मुलांचा.

जास्त किरणांनी थायरॉइडचं काय होतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. ज्यांची ग्रंथी फार जोरात चालते त्यांना तिथे किरणोत्सारी आयोडीन देतात. ग्रंथी ते शोषून घेते आणि तिचा जोर मोडतो. पुढे बऱ्याच रुग्णांची ग्रंथी मंद होते, त्यांना कायम गोळी घ्यावी लागते. गोळी चुकवली की कोलेस्टेरॉल वाढतं. दुसरं उदाहरण चेर्नोबिलचं. एप्रिल १९८६ मध्ये तिथल्या अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं. पुढच्या वर्षांत हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. त्या भागातल्या आहारात आयोडीन कमी होतं, म्हणून मुलांच्या ग्रंथींनी ते जास्तच ओढून घेतलं.

पण थोडे थोडे किरण वर्षानुवर्षं लागले तर? दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या काही अभ्यासांत थायरॉइडच्या तपासणीत किरकोळ फरक दिसले, काहींत दिसले नाहीत. रक्तातल्या चरबीबाबतही एकमत झालेलं नाही. केरळच्या करुणागप्पळ्ळी किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे, तिथले लोक पिढ्यान् पिढ्या जास्त किरणांत राहतात. त्यांच्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढलेला आढळला नाही. म्हणून घाबरायचं नाही, पण गाफीलही राहायचं नाही.

एक्स-रे विभागात काम करणाऱ्या मुलींनो, अणुऊर्जा नियामक मंडळाने तुमच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. छातीवरचा टीएलडी बॅज रोज लावा, त्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी मागून बघा. शिशाचा एप्रन घाला, गळ्याचं कवच मागून घ्या. दिवस गेल्याचं कळताच साहेबांना लेखी सांगा.

बाकीच्यांनी एवढं करा. पोटात बाळ असण्याची शक्यता असेल तर एक्स-रेआधी सांगा. पण टीबीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला, तर भीतीने टाळू नका. न सापडलेला टीबी त्या किरणांपेक्षा कितीतरी घातक आहे. मीठ आयोडीनयुक्त आणा, झाकून ठेवा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. बरं वाटलं म्हणून ती स्वतःहून बंद करू नका.

२०२५ च्या सुरुवातीला आपल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा पाण्यापासून शाम्पूपर्यंत सगळ्यांवर संशय गेला. रक्ताचे, केसांचे नमुने तपासल्यावर सेलेनियमचं नाव पुढे आलं. थायरॉइडचंही तसंच आहे. टॉवरला दोष देऊन गोळी टाळण्यापेक्षा टीएसएचची एक रक्ततपासणी करा, आणि ती बिघडलेली असेल तर कोलेस्टेरॉलही बघा. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गटात कुणाकुणाची ही तपासणी राहिली आहे.