चुंबकाची खुंटी

इलेक्ट्रॉन विद्युतभार वाहतो, तसाच स्पिन नावाचा गुणही वाहतो. त्याची दिशा वर किंवा खाली. 1988 साली अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की लोहचुंबकाच्या पातळ थरांची चुंबकी दिशा बदलली की त्यांतून जाणाऱ्या विजेचा रोधही बदलतो. हार्ड डिस्कचे आधुनिक हेड यातूनच घडले. दोघांना 2007 चे नोबेल मिळाले. पण लोहचुंबकाचे क्षेत्र शेजारच्या बिटलाही छळते, म्हणून दाटी फार वाढवता येत नाही. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये शेजारी अणूंचे चुंबकत्व उलटसुलट असल्याने बाहेर क्षेत्र उरत नाही. मात्र तिथे दोन्ही स्पिनच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सहसा सारखीच राहते, म्हणून त्यांना वेगळे काढता येत नाही.

ही कोंडी फुटते ती अणूंच्या मांडणीमुळे. बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणा: काळ्या घरांत वरचा स्पिन, पांढऱ्यांत खालचा. आता प्रत्येक काळ्या घरात तांदळाचा दाणा उभा ठेवा आणि पांढऱ्यात आडवा. पट एक घर सरकवून काळे-पांढरे जुळणार नाहीत. तो काटकोनात फिरवावाच लागेल. दाण्याची दिशा म्हणजे चुंबकी अणूभोवती इतर अणूंनी धरलेला फेर. त्यामुळे एका दिशेने वरच्या स्पिनची वाट सोपी होते, तर काटकोनात खालच्याची. एकूण चुंबकत्व शून्य, तरी स्पिन वेगळे! श्मेयकल, सिनोव्हा आणि युंगविर्थ यांनी 2022 मध्ये या पदार्थांना अल्टरमॅग्नेट म्हटले. 2024 मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये दोन स्पिनच्या ऊर्जेची ही फारकत प्रत्यक्ष मोजली गेली.

माझ्या मते या शोधाचे खरे मोल नव्या चुंबकापेक्षा त्याला मिळालेल्या खुंटीत आहे. फारकत मांडणीतून येत असेल, तर मांडणीला दिलेला ताण तंबोऱ्याची तार लावावी तसा स्पिनचा प्रवाह लावू शकेल. दुसरी, विजेची खुंटी द्विमितीय, म्हणजे एकदोन थरांच्या, चुंबकांत आधीच फिरली आहे. क्रोमियम आयोडाइडचा एकेरी थराचा चुंबक 2017 मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या दुहेरी थराची चुंबकी रचना विद्युतदाबाने पालटता आली. वाहक पदार्थाच्या जाड ठोकळ्यात विजेचे क्षेत्र पृष्ठभागापाशीच अडते. थर पातळ असला की ते सगळ्या अणूंपर्यंत पोहोचते.

आक्षेप रास्त आहेत. रुथेनियम डायऑक्साइड अल्टरमॅग्नेटच्या संशोधनाचा लाडका नमुना होता. म्युऑन आणि न्यूट्रॉन या कणांच्या साहाय्याने केलेल्या काटेकोर मोजमापांत त्याच्या शुद्ध स्फटिकात चुंबकी क्रम आढळलाच नाही. म्हणून एका पदार्थावर उभे केलेले दावे मागे घ्यावे लागतील. मांडणीचा नियम मात्र त्याच्याबरोबर कोसळत नाही, कारण तो इतरत्र मोजला गेला आहे. दुसरा आक्षेप तापमानाचा. क्रोमियम आयोडाइडचा एकेरी थर 45 केल्विनवर, म्हणजे उणे 228 अंश सेल्सियसला चुंबकत्व गमावतो. मँगनीज टेल्युराइडचा क्रम सुमारे 34 अंशांवर मोडतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात तो टिकायचा नाही. पण क्रोमियम अँटिमोनाइड हा अल्टरमॅग्नेट 400 अंशांपलीकडेही क्रम राखतो. 2025 मध्ये त्याच्या पातळ थरांच्या स्फटिकरचनेत किंचित विकृती आणून संशोधकांनी खोलीच्या तापमानालाच त्याचा चुंबकी क्रम विजेने वाचला आणि विजेनेच उलटवला.